भिंतीवरचे गुरुजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आपल्या चिटणीसबाई मागच्या महिन्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मोबाइलवर चित्रे काढता, ती कशी शिकलात ते वर्धापनदिनाला सांगा." मी म्हटले, "बाई, मी सातवी पास. माझ्याहून शिकलेल्या कितीतरी जणी मंडळात आहेत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही सांगा." तेव्हा सुचले तसे वहीत लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या.

आधी गुरूंचे नाव घेते. माझे गुरू रघुवीर मुळगावकर. तुमच्यापैकी काहींना हे नाव ठाऊक नसेल, पण त्यांची चित्रे तुमच्या आजीच्या घरी होतीच होती. ते मूळचे गोव्याचे. जन्म १९१८ चा. मुंबईत राहून त्यांनी मासिकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे काढली, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे काढली आणि कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रे काढली. ते १९७६ साली वारले आणि मी जन्मले १९८० साली. म्हणजे गुरूंचे दर्शन मला कधी घडलेच नाही. पण एकलव्याला तरी कुठे द्रोणाचार्यांनी समोर बसवून शिकवले होते? त्याने मातीचा पुतळा केला. माझ्याकडे एक कॅलेंडर होते.

ते कॅलेंडर जुन्या किल्लारीत आमच्या घरी भिंतीवर होते. मायच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, एका कापडाच्या दुकानातून बस्त्याबरोबर मिळालेले. वर्ष सरले तेव्हा मायने तारखांचा भाग कात्रीने कापून टाकला, चित्र पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले आणि देवळीच्या वर खिळ्याला अडकवले. यशोदा आणि बाळकृष्णाचे चित्र होते ते. दिवेलागणीची वेळ, मागे निळसर अंधार, आणि यशोदेच्या गालावर कुठून तरी उजेड आलेला. तो उजेड कुठून आला, हे मी कितीदा तरी शोधले असेल. चित्रात दिवा नव्हता.

खाली कोपऱ्यात 'मुळगावकर' अशी सही होती. मी पहिलीत नुकती वाचायला शिकले होते. मला वाटले, हे त्या देवाचे नाव आहे. मी मायला विचारले, "माय, मुळगावकर म्हणजे कृष्णाचं दुसरं नाव का गं?" माय भाकरी थापत होती. हसून हसून तिच्या हातातली भाकरी मोडली. मग म्हणाली, "ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव हाय ते." चित्र कुणीतरी काढावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. तोपर्यंत मी समजत होते की झाडाला पान येते तसे कॅलेंडरावर चित्र येत असेल.

आजोबांचे पोथी वाचायचे भिंग होते. त्यातून मी एकदा यशोदेचा गाल पाहिला. गाल कुठेच नव्हता, नुसते ठिपके! पिवळे, लालसर, निळसर आणि मध्येच काळे. भिंग बाजूला केले की पुन्हा गाल. आता मला त्याचे कारण ठाऊक झाले आहे. छापखान्यात चार रंग एकावर एक छापतात, आणि ठिपके लहानमोठे करून त्या चारांतून सगळे रंग आपल्या डोळ्याला भासवतात. त्याआधीच्या काळी, राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा, चित्रातल्या एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. अशा छापखान्यांमुळे देवाचे चित्र गरिबाच्या घरी येऊ लागले. पण लहानपणी मला एवढेच वाटले की ही तर ठिपक्यांची रांगोळी. आणि रांगोळी तर मला येत होती.

मी पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने यशोदा काढू लागले. आठवीत गेले तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "पोरी, तुला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवू." ते वर्ष १९९३.

पुढचे मी इथे सांगायला नको. इथे बसलेल्या अर्ध्याअधिक जणींनी ते पाहिले आहे, आणि उरलेल्यांनी आपापल्या आईकडून, सासूकडून ऐकले आहे. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला चार मिनिटे कमी. आपली ती दगडमातीच्या भिंतींची घरे आणि वर मातीचे जड माळवद. माय गेली. आजोबा गेले. भिंत गेली, तिच्यावरची यशोदा गेली. मायचा एकच फोटो होता, लग्नातला, तोही मातीत गेला. माझी शाळा सुटली. मावशीने मला आपल्या गावी नेले. एलिमेंटरीची परीक्षा राहिली ती राहिलीच. १९९९ साली लग्न होऊन मी पुन्हा किल्लारीत आले, पण या नव्या गावात, सरळ रस्त्यांच्या आणि सारख्या घरांच्या.

पुढची वीस-बावीस वर्षे मी दारातल्या रांगोळीखेरीज काही काढले नाही. संसार, सोयाबीन, सासूबाईंचे आजारपण, मुलांच्या शाळा. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, सगळ्यांचे असेच असते.

मग आमच्या थोरलीने कॉलेजसाठी नवा मोबाइल घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्याची काच एका कोपऱ्याला तडकलेली. एके दुपारी तिने त्यात मुळगावकरांची चित्रे काढून मला दाखवली. किती तरी होती. त्यात एक यशोदाही होती. आमच्या भिंतीवरची ती हीच का, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण उजेड तोच होता. मी बराच वेळ काही बोलले नाही. थोरलीने विचारले, "आई, काय झालं?" मी म्हटले, "मला हे काढायला शिकव."

तिने मोबाइलमध्ये चित्र काढायचे एक फुकट साधन घालून दिले. आयबिस पेंट म्हणतात त्याला. मधूनमधून जाहिराती येतात, त्या सोसायच्या. काचेवर बोट फिरवले की रेघ उमटते. पण आपले बोट म्हणजे राखेने भांडी घासलेले, सुरीने चिरा पडलेले! रेघ थरथरत होती, आणि बोट ओले असले तर उमटतच नव्हती. शेवटी ह्यांनी लातूरहून रबरी टोकाची एक काडी आणून दिली. तिने जरा बरे जमू लागले.

आता मी काय शिकले ते क्रमाने सांगते, म्हणजे कुणाला शिकायचे असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट थरांची. या साधनात एका चित्राचे अनेक थर करता येतात. जशा काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात. खालच्या थरावर कच्चे चित्र, वरच्यावर पक्की रेघ, मधल्या थरांवर रंग. मला हे आधी कोणी सांगितले नव्हते. मी तीन संध्याकाळी खपून यशोदेचा चेहरा एकाच थरावर काढला, आणि नाकाचा रंग पुसायला गेले तर नाकच पुसले गेले! त्या रात्री मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. रांगोळीत आपण आधी ठिपके देतो, मग रेघ ओढतो, मग रंग भरतो. आणि छापखान्यातले ते चार रंगांचे थर तरी दुसरे काय होते?

दुसरी गोष्ट रंगांची. चित्रावर बोट दाबून धरले की तिथला रंग नेमका कोणता ते हे साधन उचलून दाखवते. मी यशोदेच्या गोऱ्या हातावर बोट ठेवले, तर रंग निघाला विटकरी. हनुवटीखाली ठेवले, तर हिरवट. पांढऱ्या फुलावर ठेवले, तर निळसर राखाडी. पांढरा रंग मला साऱ्या चित्रात दोन-तीन ठिकाणीच सापडला. तेव्हा लहानपणापासूनचे कोडे सुटले. गालावरचा उजेड दिव्यातून आलेला नव्हता. आजूबाजूचे सगळे रंग मुळगावकरांनी दबते ठेवले होते, म्हणून गाल उजळला होता. त्यानंतर मी स्वयंपाकघरातही पाहू लागले. पांढरे दूध संध्याकाळी पांढरे दिसत नाही. तुम्हीही पाहा.

तिसरी गोष्ट तुषारांची. मुळगावकर हवेच्या दाबावर रंगाचा बारीक तुषार उडवणारी तोटी वापरत. तिने रंग धुक्यासारखा बसतो, कुंचल्याची रेघ कुठे दिसत नाही. देवांच्या अंगावरची ती मऊ झळाळी त्यातूनच येत असे. अशी तोटी वापरणारे चित्रकार कागद कापून बाकीचा भाग झाकून ठेवतात, म्हणजे तुषार बाहेर जात नाही. आपण छाप्याची रांगोळी काढतो ना, तसेच. मोबाइलमध्येही तुषाराचा कुंचला असतो आणि झाकायची सोयही असते. पण यात एक खोड आहे, तीही सांगते. तुषार इतका गोड दिसतो की हात आवरत नाही. मी सगळीकडे तुषार मारला, आणि माझ्या सगळ्या बायका मेणाच्या बाहुल्या झाल्या. मग पुन्हा मुळगावकरांचे चित्र पाहिले. डोळ्यांच्या कडा, नथीचे मोती, केसांची बट हे सगळे त्यांनी धारदार ठेवले होते. मऊ केव्हा आणि टणक केव्हा, ते ठरवणे हीच खरी विद्या.

हे दलालांच्या चित्रांनीही मला पटवले. दीनानाथ दलाल हे मुळगावकरांच्या काळातलेच, तेही गोव्याचे. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठे पाहिली की कळते, चार वळणदार रेघा आणि वाकळीच्या ठिगळांसारखे सपाट रंग एवढ्यावरही बाई उभी राहते. आठवड्यातले दोन दिवस मी दलालांचा अभ्यास करते. गुरू एक असले तरी शेजारच्या घरी जायला बंदी नसते.

चौथी गोष्ट छोटी आहे. बोटांनी चित्र मोठे करून पाहता येते. त्या मोहात मी एकदा दीड तास एका पापणीवर बसले. चित्र लहान केले तेव्हा दिसले की डोळाच तिरका! दारात रांगोळी काढताना आपण मधूनमधून उठतो, उंबऱ्यापाशी जाऊन लांबून पाहतो. तसे इथेही करायचे. आणि चुकलेली रेघ परत घ्यायचे बटण असते, ते तीनदाच दाबायचे असा मी नेम केला आहे. नाहीतर हात कधीच पक्का होत नाही.

घरी सुरुवातीला बोलणी बसली, हेही लपवत नाही. सासूबाई म्हणत, "सून मोबाइल घेऊन बसती." कोणी म्हणे, या वयात हे काय खूळ. तेव्हा थोरलीने मला इंग्लंडमधल्या एका चित्रकाराची हकीकत वाचून दाखवली. डेव्हिड हॉकनी त्यांचे नाव, जन्म १९३७ चा. १९६० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत काही चित्रकार दुकानातल्या वस्तू, डबे, जाहिराती, गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रे यांना आपल्या चित्रांत जागा देऊ लागले. त्याला पॉप आर्ट म्हणतात. त्यांतल्या एकाने, अँडी वॉरहॉलने, १९६२ साली सुपाच्या डब्यांची चित्रे मांडली. हॉकनींचे नावही त्याच मंडळींत घेतले जाई. तर या हॉकनींनी सत्तरी ओलांडल्यावर, २००९ च्या सुमारास, मोबाइलवर अंगठ्याने फुले काढायला सुरुवात केली. ती फुले ते सकाळी मित्रांना पाठवीत. हे मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "त्येला सैपाक करावा लागत नसंल." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी स्वयंपाक उरकून बसू लागले.

पण मला त्या हकीकतीत एक गंमत वाटली. तिकडे चित्रकारांनी दुकानातला डबा उचलून मोठ्या दालनात नेला. इकडे मुळगावकरांनी दालनात शोभेल असे चित्र काढले आणि ते कापडाच्या दुकानातून माझ्या मायच्या भिंतीवर आले. मला इकडचेच बरे वाटते. तिकडचे असते तर ते माझ्यापर्यंत कसे पोहोचले असते?

आता एक चूक कबूल करायची आहे. वर्षभराने मला बऱ्यापैकी जमू लागले. मुळगावकरांची लक्ष्मी खालच्या थरावर ठेवून मी ती हुबेहूब गिरवली. गिरवताना त्यांची सही तेवढी सोडून दिली. ते चित्र ओळखीतल्या एका दुकानदाराने पाहिले आणि लग्नपत्रिकांवर छापण्यासाठी मागितले. हजार रुपये देतो म्हणाला. मैत्रिणींनो, स्वतःच्या हाताने मिळवलेले हजार रुपये मी तोवर पाहिले नव्हते. मी हो म्हणून आले.

घरी थोरलीने विचारले, "आई, हे चित्र तुझं का?" मी म्हटले, "गिरवलं मीच." ती म्हणाली, "ते नाही विचारत." मग तिने कायदा शोधून वाचून दाखवला. चित्रकार वारल्यावर साठ वर्षे त्याच्या चित्रांवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. घरी बसून गिरवावे, शिकावे, त्यात पाप नाही. पण ते आपले म्हणून विकता येत नाही. मला कायद्यापेक्षा त्या सोडून दिलेल्या सहीची लाज वाटली. पहिलीत असताना ज्या नावाला मी देवाचे नाव समजले, तेच मी कोपऱ्यातून काढून टाकले होते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला नाही म्हणून सांगून आले. हजार रुपये नाही म्हणताना जीवावर आले, हेही खरे.

त्यानंतर मी गिरवणे सोडले. सरावाला मुळगावकर समोर ठेवायचे, पण चित्र आपण पाहिलेल्याचे काढायचे, असे ठरवले. पहिले चित्र काढले आपल्या वेळ अमावस्येचे. शेतातली कडब्याची खोप, आत मांडलेले पाच पांडव, आंबिलाचे मडके, आणि खोपीच्या तोंडाशी बसून भज्जी वाढणारी बाई. खोपीत उजेड कडब्याच्या फटींतून येतो, त्याच्या पट्ट्या अंगावर पडतात. तो उजेड मुळगावकरांनी कुठे काढलेला मी पाहिला नाही, पण काढायचा कसा ते त्यांनीच शिकवले होते. ते चित्र त्याच दुकानदाराने पुढच्या येळवशीला शुभेच्छांच्या फलकासाठी घेतले. पाचशे रुपये दिले. कोपऱ्यात माझे नाव छापले होते. फलक रस्त्यावर होता तोवर ह्यांनी रोज त्याच रस्त्याने शेताला जायचे धरले. तो रस्ता लांबचा आहे.

आता शेवटचे सांगते, आणि ज्यासाठी बोलायला उभी राहिले तेही हेच.

मला मायचे चित्र काढायचे होते. थोरलीला जुना मोबाइल मागितला तेव्हापासून ते मनात होते. फोटो नाही. तीस वर्षांवर काळ लोटला. डोळे मिटले की माय दिसते, पण काढायला गेले की चेहरा हलतो. मी चार महिने काढत होते. शेवटी एक चेहरा जमला. मोठे डोळे, सरळ नाक, गालावर उजेड. मी तो घेऊन मावशीकडे गेले. मावशी आता ऐंशीच्या घरात आहे. तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "लई सुंदर काढलीस. कुठली देवी म्हणायची ही?"

मी म्हटले, "मावशी, माय आहे."

मावशी म्हणाली, "अगं, अक्का कुठं अशी गोरी होती? हे नाक तिचं नाही. आणि कपाळावरलं गोंदण कुठंय?"

मी घरी येऊन यशोदेचे चित्र शेजारी ठेवून पाहिले. मावशीचे खरे होते. आठवण जिथे पुसट होती तिथे मी यशोदा भरली होती. मुळगावकरांच्या सगळ्या बायका देखण्या आहेत. त्यांच्यामुळे माझा हात तयार झाला, पण त्या हाताला त्यांच्याच बायका येत होत्या. माझी माय सावळी होती, उन्हाने रापलेली होती. तिचे समोरचे दोन दात थोडे पुढे होते. देखणे काढण्याच्या नादात मी माझ्याच मायला घराबाहेर काढले होते.

भाचा म्हणाला, "मावशी, कशाला त्रास घेता? आता यंत्राला सांगितलं की ते चित्र करून देतं." त्याने मोबाइलला सांगितले, मराठवाड्यातली आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. दोन मिनिटांत चित्र आले. सुबक होते, खोटे कशाला बोलू. पण चुलीत एवढा जाळ, आणि बाईच्या अंगावर त्याचा उजेडच नाही. भाकरी परकराने काढल्यासारखी गोल. ती कुणाची तरी आई असेल. माझ्या मायची भाकरी एका बाजूला जराशी जाडच असायची.

तेवढ्यावरून मला वाट सापडली. चेहरा आठवत नव्हता, पण भाकरी आठवत होती. पीठ मळताना वाकलेली पाठ आठवत होती. मनगटावर सरकून कोपराकडे गेलेल्या बांगड्या आठवत होत्या. तेव्हा मी ठरवले की चेहरा समोरून काढायचाच नाही. माय चुलीपुढे बसलेली, मान जाळाकडे वळलेली, गालाची कड तेवढी उजेडात. बाकी सगळी पाठ, इरकली लुगडे आणि हात. सावळ्या रंगावर जाळाचा उजेड कसा पडतो, ते मी रोज सासूबाईंना चुलीपुढे बसवून पाहिले. त्या कुरकुरत बसल्या, पण बसल्या. मुळगावकरांचा तुषार फक्त धुराला वापरला.

ते घेऊन पुन्हा मावशीकडे गेले. तिने खूप वेळ पाहिले. मग तिचे बोट काचेवर टेकले आणि चित्र सरकले. ती दचकली. मी ते जागेवर आणून दिले. मावशी म्हणाली, "हात चुकला गं. अक्का डावखुरी होती."

मैत्रिणींनो, मी हे साफ विसरले होते. तेरा वर्षे त्या हातची भाकरी खाल्ली, आणि कोणत्या हातची ते विसरले. मग एकदम सगळे आठवले. आजी तिला उजव्या हाताने वाढायला लावायची ते, तिची कात्री उलटी धरायची पद्धत, आणि कॅलेंडराच्या तारखा कापताना वाकडी गेलेली ती कडा.

मोबाइलमध्ये चित्र डावे-उजवे उलटवायचे बटण असते. मी ते दाबले. माय डावखुरी झाली, पण पदरही दुसऱ्या खांद्यावर गेला. म्हणून मी हात पहिल्यापासून काढले. त्याला तीन आठवडे लागले. आता मावशीला दाखवले तर ती काही बोलत नाही, नुसता मोबाइल आपल्याजवळ ठेवून घेते आणि संध्याकाळी परत देते.

हे चित्र लातूरला छापून आणले आहे आणि आमच्या घरी भिंतीवर लावले आहे. या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी ते मागितले होते, पण ते मी दिले नाही. वेळ अमावस्येचे दिले आहे. मायचे घरी येऊन पाहावे.

एक विनंती करून थांबते. आपल्या गावात असे कितीतरी आहेत की ज्यांचा फोटो राहिला नाही. त्यांची चित्रे मी काढून देईन असे सांगायची माझी हिंमत नाही. मी त्यांना पाहिलेले नाही, आणि मी काढले तर पुन्हा यशोदाच निघेल. पण काढायचे कसे ते मी शिकवू शकते. दर शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी बसेन. जुना मोबाइल असला तरी चालेल, काच तडकलेली असली तरी चालेल. पहिले तीन महिने मुळगावकर आणि दलाल यांची चित्रे पाहून हात बसवू. त्यानंतर ती मिटवून ठेवू आणि ज्याने त्याने आपले माणूस आठवू. येताना कुणी म्हातारे माणूस बरोबर आणता आले तर आणा. ते चुका सांगतील.

एलिमेंटरीच्या परीक्षेला कुणीही बसवणार नाही, आणि प्रमाणपत्रही नाही. चहा मात्र मिळेल.

माझे काही चुकले असेल तर माफ करा.